पाव्हण्याला सांगितलेला ट्रॅक्टर

सुगलाबाईला कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवयच नव्हती. समोरच्यानं तोंड उघडलं की पुढचं तिला कळायचं, निदान कळलं असं वाटायचं, आणि ती उत्तर देऊन मोकळी व्हायची. चाकूर तालुक्यातल्या त्या गावाच्या हे अंगवळणी पडलं होतं. पंचायत समितीतून आलेल्या नव्या पोराला मात्र ठाऊक नव्हतं, आणि सगळं तिथंच बिघडलं.

त्या दिवशी नातीला, ऋतुजाला, बघायला मुरुडचे पाव्हणे येणार होते. सून वर्षाराणीनं पुढच्या भिंतीला चुना मारला. मागची भिंत मागल्या पावसाळ्यात बसली होती, तिथं ताडपत्री बांधलेली. ती दिसू नये म्हणून सुगलाबाईनं आडवं लुगडं टांगलं. शेजारच्या आबेदाचा फ्रिज दोघींनी उचलून आणून कोपऱ्यात उभा केला.

"लेको जाव मौसी," आबेदा म्हणाली, "मगर दरवाजा आहिस्ता. उसका हँडल ढीला है."

आबेदाच्या नवऱ्याचा, निजामोद्दीनचा, भाड्यानं चालणारा ट्रॅक्टर होता. तोही सुगलाबाईनं दारात लावून घेतला.

"आत्याबाई, ट्रॅक्टर जरा जास्तच होतो," वर्षाराणी म्हणाली.

"तुझ्या वेळंला तुझ्या बापानं दोन म्हशी बांधल्या होत्या दारात. तिसऱ्या दिवशी मालक येऊन सोडून घेऊन गेला. मी बोलले का काही?"

वर्षाराणी चुन्याची बादली उचलून आत गेली.

मध्यस्थाचा निरोप होता की आधी चाकूरहून एक जण येऊन घरदार बघून जाईल, मग दुपारून मोठी माणसं येतील. म्हणून सकाळच्या पारी पाठीला पिशवी अडकवलेला एक पोरगा दारात मोटारसायकल लावून, दस्तीनं तोंड पुसत उभा राहिला, तेव्हा सुगलाबाईला काहीच विचारायची गरज वाटली नाही.

"नमस्कार आजी. मी चाकूरहून आलो, ते तुमचं..."

"या, या. वाटच बघून राहिलो आम्ही. वर्षाराणी, पाणी आण. बसा पाव्हणं."

पोराचं नाव रविकिरण. घरकुलाच्या पाहणीसाठी ठेक्यावर लागलेला इंजिनियर. सकाळपासून कुठल्याच गावात त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं. तो बसला. पोहे आले. पोह्यावर शेव होती, खोबरं होतं. त्यानं एकदा, "आजी, मी कशासाठी आलो ते आधी..." म्हणून बघितलं.

"खा आधी. कशासाठी आलाव ते काय आम्हाला कळत न्हाई व्हय?"

त्याला वाटलं, ग्रामसेवकानं सांगितलं असेल. त्यानं मोबाईल काढला आणि प्रश्न सुरू केले. घरात माणसं किती, कमावतं कोण, जमीन किती, पाणी आहे का, वाहन आहे का. सोयरीक जुळवायला आलेला माणूस दुसरं काय विचारतो? सुगलाबाईला सगळे प्रश्न तोंडपाठ होते.

"पोरगा शिवशंकर लातूरला डाळमिलमधी. मुकादम हाय, पगार दाबून." तो मुकादम नव्हता, पोती उचलत होता. "जमीन पाच एकर, सगळी बागायत. बोअरला बारमाही पाणी." जमीन दीड एकर होती आणि बोअर कधीच आटला होता.

"बाहेरचा ट्रॅक्टर?"

"मग कुणाचा असंल?"

रविकिरण जरा थांबला. पुन्हा म्हणाला, "आजी, नीट सांगताय ना? हे वर जाणार आहे."

"जाऊ द्या की. वरच्यांनाही कळू द्या कसं घर हाय ते."

आधार कार्ड मागितलं, तेही दिलं. हल्ली लोक लई चौकशी करतात, असं तिनं ऐकलं होतं. शेवटी तो फोटो काढायचा म्हणाला, तेव्हा तिनं आतून ऋतुजाला हाक मारली.

"मुलगी नको. तुमचाच काढतो."

सुगलाबाई हरखली. आजी बघून नात पसंत करणारे पाव्हणे तिनं आजवर बघितले नव्हते. चुन्याच्या भिंतीला पाठ लावून ती उभी राहिली.

दुपारी मुरुडचे पाव्हणे आले. पोरगी बघितली, ट्रॅक्टर बघितला, फ्रिजकडं बघून मान हलवली आणि सुपारी फोडायचं बोलूनच उठले. नवरदेवाचा मामा रेवणप्पा याच गावचा, पलीकडच्या आळीत राहणारा. तो कामाला नांदेडकडं गेला होता, त्यामुळं पाव्हण्यांना त्याच्याकडं चौकशी करता आली नाही, हे नशीबच. चाकूरच्या माणसाला अडचण आल्यानं तो आलाच नाही, हे मध्यस्थानं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. सुगलाबाईनं पोह्याच्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मग पोहे कुणी खाल्ले?"

कुणी खाल्ले ते पंचायतीच्या भिंतीवर लागलं. वर्षाराणी वाचून आली. घरकुलाला अपात्र, कारण ट्रॅक्टर आणि बागायत जमीन.

सुगलाबाई ग्रामसेवकाकडं गेली. तिनं त्या पोराचा, सरकारचा आणि मोबाईलचा मिळून उद्धार केला. ग्रामसेवक निवांत माणूस. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "काकू, हरकत ग्रामसभेत घ्या. सगळ्या गावासमोर सांगा की ट्रॅक्टर तुमचा नाही. सभेनं मान्य केलं तर पुन्हा पाहणी होईल. हे साल गेलं तर पुढची पाहणी कधी, ते मला नका विचारू."

एवढंच तर होतं. पण ग्रामसभेत रेवणप्पा असणार. तो एकही सभा चुकवत नसे. परत आल्यावर त्यानं आपणहून तोंड उघडलं नव्हतं, पण सभेत उघड ऐकल्यावर बहिणीला सांगणं त्याला भागच होतं. ट्रॅक्टर नाही म्हणावं तर नातीची सोयरीक जाते, आहे म्हणावं तर घर जातं. शिवशंकर फोनवर म्हणाला, "माय, घर राहू दे. ताडपत्री बदलू." पण आता दुसरी भिंतही पोट काढून उभी होती, आणि तिच्याच खाली वर्षाराणी निजायची.

 तिसऱ्या दिवशी ऋतुजा भाकरी थापता थापता म्हणाली, "आज्जी, मला तिथं गेल्यावर कुणी विचारलं, तुमचा ट्रॅक्टर कुठं गेला, तर काय सांगू?"

"इकला म्हण."

"आणि फ्रिज?"

"तोही इकला."

"आणि तू?"

सुगलाबाईनं तिच्याकडं बघितलं. "माझं काय?"

"काही न्हाई. तू इकडं भिंतीखाली गावलीस, तर मला तूही इकली असंच कळवायचं का, तेवढं सांग."

पोरीची जीभ कुणावर गेली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. रेवणप्पा पुढच्याच सतरंजीवर मांडी घालून बसला होता. रविकिरणही आला होता, खालमानेनं. ग्रामसेवकानं नाव पुकारलं. "सुगलाबाई, तुमच्याकडं ट्रॅक्टर आहे का नाही?"

सुगलाबाई उठली. पदर कमरेला खोचला.

"ट्रॅक्टर निजामोद्दीनचा. त्यानंच सांगावं."

"मेरा है," निजामोद्दीन मागून म्हणाला. "डिझेल भी मेरा."

लोक हसले.

"मग तुम्ही पाहणीत आहे म्हणून का सांगितलं?"

"मी पाहणीत कुठं सांगितलं? मी पाव्हण्याला सांगितलं. पोरीचं घर बघायला माणूस आला, तर त्याला काय भिंत पडली म्हणून दाखवायची? या सभेत एक बाप काढा ज्यानं पोरीच्या पाव्हण्याला खरी जमीन सांगितली. काढा की."

दोघा-तिघा बापांनी सतरंजीचे धागे उपसायला घेतले.

"आजी, मी सांगायला लागलो होतो," रविकिरण म्हणाला. "तुम्ही पोहे पुढं केले."

"आणि तू खाल्लेस."

"खाल्ले."

"दोनदा घेतलेस."

आता ग्रामसेवकही हसला. सुगलाबाई मात्र हसली नाही. ती रेवणप्पाकडं वळली, आणि तिचा आवाज जरा खाली आला.

"रेवणप्पा, तुम्ही बसलेलेच हाव, तर ऐका. जमीन दीड एकर, कोरडवाहू. पोरगा हमाल हाय, मुकादम न्हाई. मागची भिंत न्हाई, दुसरी चाललीय. पोरगी मात्र जशी दाखवली तशीच हाय. ती काही आबेदाकडनं आणली न्हाई."

रेवणप्पानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि फोन घेऊन सभेतून बाहेर गेला.

सभेनं फेरपाहणी मान्य केली. रविकिरण त्याच पावली तिच्या घरी आला. या खेपेला लुगडं नव्हतं. ताडपत्री वर करून तिनं त्याला मागचं उघडं अंगण दाखवलं, भिंतीचं पोट हातानं दाबून दाखवलं, पत्र्याची भोकं दाखवली. त्यानं पुन्हा तेच प्रश्न विचारले. वाहन? न्हाई. बागायत? न्हाई. पक्की खोली? न्हाई. प्रत्येक न्हाई म्हणताना ती भलतीकडं बघत होती, आणि रविकिरण मोबाईलमधून मान वर करत नव्हता. शहाणं पोरगं होतं.

"नियमात बसतंय आजी," तो म्हणाला. "तुमचं नाव वर घ्यायला काही अडचण नाही."

तेवढ्यात रेवणप्पा आला. तोही मागच्या बाजूला येऊन पडलेली भिंत बघून उभा राहिला.

"बहिणीशी बोललो," तो म्हणाला. "ती म्हणली, आम्ही कळवतो."

सोयरिकीत कळवतो म्हणजे काय, ते लहान पोरालाही ठाऊक असतं. सुगलाबाई, "कळवा," एवढंच म्हणाली. 

दाराशी उभी असलेली ऋतुजा पुढं आली. "मामा, पोराच्या आईचं कळलं. पोराला ठाऊक हाय का?"

"त्याला कशाला..."

"मग त्याचा नंबर द्या. मीच सांगते."

रेवणप्पानं सुगलाबाईकडं बघितलं. पोरीनं नंबर मागायचं असं कधी झालं नव्हतं. सुगलाबाई म्हणाली, "द्या. माझ्या घरात आता झाकायचं काही उरलं न्हाई."

ऋतुजा फोन घेऊन अंगणापलीकडच्या बाभळीकडं गेली. इकडं रविकिरणला सुगलाबाईचा पडक्या भिंतीसोबत फोटो हवा होता. ती उभी राहिली, पण मान सारखी बाभळीकडं वळायची.

"आजी, इकडं बघा. हलला फोटो."

"काढ तू. हलू दे."

तीन वेळा काढावा लागला. ऋतुजा परत आली तेव्हा तिच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं. पोरीनं हेही आजीकडूनच उचललं होतं.

"तो म्हणाला, रविवारी येतो. आईला घेऊन न्हाई, एकटाच. घर बघतो म्हणाला."

"आणि?"

"आणि काही न्हाई. बघतो म्हणाला."

वर्षाराणी लगबगीनं म्हणाली, "मग चुना उरलाय थोडा, बाजूच्या भिंतीला..."

"ऱ्हाऊ दे," सुगलाबाई म्हणाली. "ऋतुजा, त्याला म्हणावं, मागच्या अंगानं ये. पुढून यायचं काम न्हाई."