तीन महिने कुणाला सांगायचं नाही

मला दिवस गेले आणि त्याच सकाळी आमच्या सांगलीच्या फ्लॅटच्या भिंती जाड व्हायला लागल्या.

"ऋजुता, तीन महिने कुणाला सांगायचं नाही," सासूबाईंनी बजावलं. "नजर लागते."

"कुणालाच नाही?"

"पोटातल्याला तर मुळीच नाही. पहिली नजर आपलीच लागते."

मी गप्प बसले. पण न बोललेला शब्द जाणार कुठे? तो भिंतीला चिकटायचा आणि गिलाव्यासारखा सुकायचा. 'बाळ' म्हणायचं गिळलं की खिडकी बोटभर आत सरकायची. सासूबाईंनी कपाट पुढे ओढून घेतलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "छान पाळतेस हो."

पोटातून मात्र सारखी विचारणा चालली होती. आवाज बारीक, पण स्वच्छ.

"आई, माझ्या दोन पेशी झाल्यात. चार करू का?"

मी ओठ मिटून घेतले. ते थांबून राहिलं. विचारल्याशिवाय काही करायचं नाही, हा गुण माझ्या माहेरचा नक्कीच नव्हता. शेवटी मला ठसका लागला. त्याने तो होकार समजला आणि चार केल्या.

निनाद, म्हणजे माझा नवरा, भिंतीला टेकून चहा पीत होता. तो कायम टेकलेलाच असतो, कारण त्याला पाठ नाही. लग्न ठरवताना हे कुणी बोललं नव्हतं.

"पाठ कुठे करू, म्हणून पोटात असताना हाही विचारत होता," मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. "मी हूं की चूं केलं नाही. बघ, काही अडलं का त्याचं?"

"काही नाही," निनाद म्हणाला. "शर्टाला कापड कमी लागतं."

मी घाबरले. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. नजर लागली तर लागो, आपण पोटातल्याला सगळं सांगायचं, असं ठरवून मी आतल्या खोलीत गेले. कडी लावायला वळले तर दार गिलाव्याखाली गेलं होतं. पलंग उभा राहिला होता. चारही भिंती माझ्या अंगाला येऊन भिडल्या आणि मला मानही वळवता येईना.

"ऋजुता, काही बोललीस का?" पलीकडून सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"आई," पोटातून आवाज आला, "डोकं कुठल्या टोकाला करू? लवकर सांग, आता थांबता येत नाही."

माझे ओठ भिंतीला टेकले होते.

"वर," मी म्हणाले. "वर कर रे राजा."

भिंत कोमट झाली. तिची वरची कड हळूहळू गोल फुगत गेली, आणि तिच्यावर मऊ, काळं जावळ उगवलं.

"आई?" पोटातून आवाज आला. "काय म्हणालीस?"