थोरल्याचा खण

आमच्या आईला दोन लेकरं. थोरला दगड, धाकटी मी.

चेष्टा नाही करत. संस्थेच्या दगड-खनिजांचा संग्रह तिने निवृत्त होईपर्यंत सांभाळला, आता तीच नोकरी माझ्याकडे आहे. माझ्या जन्माआधी एका खाणीत तिला लालभडक स्फटिक सापडला. उजेड लागला की तो काळा पडत जातो आणि गेलेला रंग परत येत नाही. म्हणून तो कायम काळ्या कापडात, खालच्या खणात. बघायचाच तर पडदे ओढून, मिणमिणत्या दिव्यात, घटकाभर. "थोरला झोपलाय," म्हणत आई तो खण इतका अलगद लावायची, की लहानपणी मला त्या दगडाचा भयंकर राग यायचा.

परवा आई म्हणाली, "मला त्याला एकदा बघायचंय."

तिची नजर चाललीय. आहे तीही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.

मी तिला हाताला धरून आत नेलं. बाहेर भर दुपार होती. आत जाड पडदे आणि कापसात निजलेले शेकडो दगड. त्या खोलीत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो, पाण्याखालून चालल्यासारखं वाटतं. आई खणांवरून बोटं फिरवत, एकेकाची विचारपूस करत निघाली.

"मिठाचा खडा कुणी धुतला नाही ना गं?"

"आई, ते एकदाच झालं होतं. आणि तेही तुझ्याच काळात!"

ती गालात हसली. मी छोटा दिवा लावून कापड उघडलं. राखेतल्या निखाऱ्यासारखा थोरला मंद पेटला.

"कुठाय?"

"हा काय, समोर."

तिने मान तिरकी करून पाहिलं. "काहीच दिसत नाही गं."

हल्ली तिला लख्ख उन्हातच काय ते दिसतं, तेही डोळ्याच्या कडेने. मी उठून पडदा धरला. "खड्ड्यात गेले नियम! काळा पडला तर पडला. तू बघ."

पडद्याच्या कड्या वाजल्या मात्र, आईने झडप घालून त्याच्यावर कापड ओढलं.

"अक्कल गहाण टाकलीस काय? आपल्यामागून येणाऱ्यांनी काय कोळसा बघायचा?"

चाचपडत तिनेच त्याला गुंडाळलं आणि खण लावला. तसाच, अलगद. मी रडतच पडदा ओढायला वळले.

"राहू दे. ऊन आलंच आहे आत, तर खिडकीपाशी उभी राहा."

"कशाला?"

"तुला बघू दे."

तिने माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि मान तिरकी करून बघत राहिली. उन्हात धूळ तरंगत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"पुरे ना आई, काळी पडेन मी."

"पड," आई म्हणाली, आणि हनुवटी काही सोडली नाही.