तानूबाई रोड

मूर्तिजापूरच्या छोट्या गाडीवर अठ्ठावीस वर्षं गार्ड असलेले खुशालराव निवृत्त होऊन अकोल्याला आले आणि साडेनऊ फूट बाय आठ फुटांच्या खोलीत त्यांनी रेल्वे टाकायला काढली. इंजीन डालड्याच्या डब्याचं, पोटात जुन्या घड्याळाची कमान. रूळ पत्र्याच्या पट्ट्यांचे. चूक एकच झाली. त्यांनी आधी इंजीन बनवलं, मग खोली मोजली.

त्यांची बायको कौशल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने सुतळी आणि खडूने फरशीवर वर्तुळ काढून दाखवलं.

"तुमच्या इंजिनाले वळाले दोन फुटांची त्रिज्या लागते. कोठी, ट्रंका अन् चूल सोडली तर तीन वळणं बसतात. चौथं खाटेखालूनच जाईन."

खाट खुशालरावांच्या आत्याची होती, आणि खाटेवर आत्या होती.

"आमच्या वावरातून रेल्वे गेली तवा माह्या बापानं फुकट जागा देल्ली नाई," तानूआत्या म्हणाली. "मले टेशनमास्तर कर. मंग ने."

खाटेखाली 'तानूबाई रोड' स्टेशन झालं. एकेरी मार्ग, म्हणून टोकन एकच, आणि मास्तरने ते दिल्याशिवाय गाडी सुटणार नाही, असं खुशालरावांनीच बजावलं आणि टोकन म्हणून वेताची एक छोटी कडी आत्याच्या हवाली केली.

रविवारी तीन वाजता त्यांच्या गाडीचा जुना ड्रायव्हर पुंजाजी मूर्तिजापूरहून आला. गाडी ड्रायव्हर चालवतो, गार्ड नुसती झेंडी हलवतो, हे त्याने अठ्ठावीस वर्षं ऐकवलं होतं. पाचच्या पॅसेंजरने तो परतणार होता. तेवढ्यात एक फेरी, न पडता, त्याला दाखवायची होती.

"डालडा पलटी खाते चौथ्या वळणावर," पुंजाजी म्हणाला. "लिहून देतो."

खुशालरावांनी चावी भरली आणि वर पाहिलं. आत्या घोरत होती. कडी तिच्या मनगटात होती आणि मनगट उशीखाली.

"सोडा न गाडी," कौशल्या म्हणाली. "समोरून दुसरी येते थोडीच!"

"टोकनाबिगर?" खुशालरावांचा आवाज चिरकला.

"मी तं हात नाई लावत बा इंजिनाले," पुंजाजीही मागे सरकला.

दोघे शेजारीशेजारी बसून राहिले. चार वाजून दहा मिनिटं झाली.

"तुमच्या नियमात मास्तर झोपला तं काय करतात?" कौशल्याने विचारलं.

"गार्ड रुळानं पायी जाऊन उठवते."

"मंग जा न!"

रूळ सोडून जाणं खुशालरावांना सुचलंच नाही. हिरवी झेंडी तोंडात धरून ते खाटेखाली शिरले. मधोमध त्यांची पाठ अडकली. त्यांनी जोर लावला, तशी आत्यासकट खाट चार बोटं वर आली.

"भूकंप!" आत्या ओरडली. "कौशल्ये, पळ वं!"

"मी हावो, आत्या!" खालून आवाज आला. "गार्ड!"

"मुडद्या, मास्तरले असं उठवतेत काय? आता आधी च्या. मंगच टोकन!"

चहा झाला. चार चाळीसला आत्याने कडी पुंजाजीच्या हातात दिली. त्याने ती, खऱ्या टोकनाची मोठी कडी अडकवायच्या सवयीने, खांद्याकडे नेली, मावेना म्हणून अंगठ्यात अडकवली, आणि चावी सोडली.

तीन वळणं सरळ गेली. गाडी खाटेखाली शिरली, खडखड झाली. तिघेही फरशीला गाल लावून बघत राहिले. आत्याची तंबाखूची पिशवी नाकाने ढकलत इंजीन पलीकडून बाहेर आलं. उभं!

"गेली न लेका!" पुंजाजीने खुशालरावांच्या पाठीत, नेमकं खरचटलेल्या जागी, थाप मारली. "गाडी चालवली तुवा, खुशालराव!" आणि पॅसेंजर चुकेल म्हणून तो धावत सुटला.

"अजून एक डाव फिरवू?" कौशल्याने हौसेने चावी भरली.

"टोकन?" आत्याने हात पुढे केला.

ते पुंजाजीच्या अंगठ्यात स्टेशनाकडे पळत होतं.

"नवी कडी करू काय?" कौशल्या म्हणाली. "वेत हाये घरात."

"एका लायनीवर दोन टोकनं?" आत्या आणि खुशालराव एकदमच ओरडले.

टोकन परत धाड म्हणून खुशालरावांनी पुंजाजीच्या नावाने कार्ड लिहायला घेतलं. कौशल्याने रुळांवर उडदाचे पापड वाळत घातले. मार्ग बंदच होता.