टबात उतरलेली नाडी

लॉन्ड्रीच्या वरच्या हॉलमध्ये अठ्ठेचाळीस खुर्च्या, एकसष्ट माणसं, एक प्लास्टिकचा टब आणि एक शीतलगुरू होते. टबातल्या पाण्यात बर्फ तरंगत होता. त्याला गुरू 'तेज' म्हणत.

"बोट द्या, ताई."

माझ्या मावशीने बोट पुढे केलं. शिष्याने त्याला नाडी मोजणारा चिमटा लावला. पडद्यावर ब्याऐंशी दिसले. मावशीने श्वास रोखून टबात तोंड घातलं. आकडा घसरत छप्पन्नवर आला. टाळ्या वाजल्या.

"हृदय शांत की बीपी शांत!" गुरू म्हणाले. "गोळ्या म्हणजे इंजिनात वाळू!"

मावशी तोंड पुसत माझ्याकडे वळली. "बघितलंस? उगाच नाही मी बीपीची गोळी सोडली. पंधरा दिवस झाले."

आजीला, म्हणजे तिच्या आईला, रक्तदाबानेच अर्धांगवायूचा झटका आला होता. मी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं आणि विचारलं, "मी घालू तोंड?"

"श्रद्धा आहे, बाळ?"

"नाही."

"मग काही होणार नाही."

मी शिष्याचा चिमटा बोटाला लावला आणि दंडाला यंत्राचा पट्टा बांधून घेतला. "मावशी, आत्ता एकदा बटण दाब आणि मी पाण्यात असताना एकदा. आकडे मोठ्याने वाच."

"मला शिलाई मशीनशिवाय काही कळत नाही गं."

"हे त्याहून सोपं आहे. दोराही ओवायचा नाही."

पहिला आकडा एकशे बारावर बहात्तर. मी श्वास रोखून बर्फाच्या पाण्यात तोंड घातलं. पडद्यावर माझी नाडी चौऱ्याऐंशीवरून साठवर उतरली.

"पाहा! अश्रद्धांचंही हृदय नमलं!" गुरूंनी तत्परतेने बाजू बदलली.

"एकशे चौतीसवर अठ्ठ्याऐंशी," मावशी वाचत होती. "अगं, हे तर वाढलं!"

"यंत्र बिघडलंय," शिष्य म्हणाला.

"आणि तुझा चिमटा तेवढा धडधाकट?" मावशीने विचारलं.

मी केस पिळत सांगितलं. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात घातला की चेहऱ्यातले मज्जातंतू मेंदूला खबर देतात. मेंदू एका मज्जातंतूवाटे हृदयाला सावकाश चालायला लावतो आणि दुसऱ्यांवाटे हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतो. नाडी उतरते, दाब चढतो. समुद्रात बुडी मारणाऱ्या सील प्राण्यालाही हे जमतं आणि तो कुणाकडून देणगी घेत नाही.

मागे कुणीतरी हसलं. मावशी हसली नाही. ती खुर्चीत पाच मिनिटं पाठ टेकून बसली आणि स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून तिने बटण दाबलं.

एकशे शहाऐंशीवर एकशे आठ.

"ऊठ," ती म्हणाली, "डॉक्टर सातपर्यंत असतात."

नाडी आणि रक्तदाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मोजून दुसरीचा दावा कुणी केला, तर दुसरीही मोजायला सांगा. आणि गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, टबाला नाही.

मावशीची गोळी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली. महिन्याभराने तिच्या शिवणाच्या खोलीत, पाच मिनिटं बसवून, मी मोजलं. नाडी एकोणऐंशी. रक्तदाब एकशे बत्तीसवर चौऱ्याऐंशी.