मागचं पान

चार महिने घरात पडलेलं पुस्तक सुगंधाने अखेर पिशवीत घातलं आणि तोंडवलीहून मालवणच्या वाचनालयात गेली. कादंबरी प्रेमाची होती आणि अगदी भिकार होती. नायक ऊठसूट रुसणारा, नायिका पानोपानी रडणारी. दोघं एकदा धड बोलली असती तर गोष्ट दहाव्या पानावरच आटोपली असती. सुगंधाने साठाव्या पानावर हात टेकले होते.

वाचायची ती, पुस्तकं आणायचा तिचा नवरा सत्यवान. बंदरावर मासळी उतरवली की वाचनालयातून एक पुस्तक काखोटीला मारून घरी यायचा. स्वतःला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं. वाचनालयातल्या बाई देतात ते तो आणतो, अशी सुगंधाची समजूत. ही कादंबरी अर्ध्यात टाकली त्या दिवशी तिचं डोकं फिरलं. "असला कसला पुस्तक हाडलात? तुमका त्यातला काय कळता?"

जाळं खांद्यावर टाकत तो एवढंच म्हणाला, "बरा, उद्या दुसरा हाडतंय."

त्याच रात्रीच्या वादळानंतर होडी किनाऱ्याला लागली, सत्यवान लागला नाही. लोक म्हणाले, देवाची मर्जी. सुगंधाच्या कानात मात्र स्वतःचेच शब्द घुमत राहिले. बोललेलं परत कसं घ्यायचं?

वाचनालयाच्या आनंदीबाईंसमोर तिने पुस्तक ठेवलं. "बाई, ह्या त्यांका कित्याक दिलात?"

"मी खंय दिलंय गो? तो आपणच निवडी. मागचा पान बघून."

शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरे मारायची इथल्या वाचकांना जुनी खोड. बाई कितीही ओरडल्या तरी ती जात नाही.

"माका म्हणी, लोकांनी इतक्या लिवलेला म्हणजे पुस्तक चांगलाच आसतला. ह्येचा तर पान भरान गेलेला. किती खूश झालेलो तो!"

सुगंधाने मागचं पान उघडलं. 'रटाळ.' 'वेळ फुकट गेला.' 'नायकाला कुणीतरी चोप द्या.' वरपासून खालपर्यंत शिव्याच. आणि त्याने मात्र बायकोसाठी कपाटातलं सगळ्यात चांगलं पुस्तक नेलं होतं. ती तिथेच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली.

पुस्तक ती पुन्हा घरी घेऊन गेली. तीन दुपारी बसून अक्षर न अक्षर वाचलं. शेवटही भिकारच निघाला. मग पेन्सिल घेऊन, मागच्या पानावर कोपऱ्यात उरलेल्या बोटभर जागेत तिने लिहिलं, 'मला आवडलं. सुगंधा सत्यवान.'

आनंदीबाईंनी ते वाचलं आणि पुस्तक जमा करून घेतलं. "दुसरा देऊ काय गो?"

"नको, मीच बघतंय," सुगंधा म्हणाली. कपाटापुढे उभी राहून, नाव न वाचताच, ती एकेका पुस्तकाचं मागचं पान उघडून बघू लागली.