न ओळखलेलं डोकं

मास्तरांच्या केशकर्तनालयात खुर्ची एक, आरसा एक आणि अखंड चालणारं तोंडही एकच, ते मास्तरांचं. गिऱ्हाइकानं बसायचं, "नेहमीसारखं" म्हणायचं आणि डोळे मिटायचे. कोणाच्या कानामागे केस बोटभर जास्त ठेवायचे, कोणाचं टक्कल कुठल्या बाजूनं झाकायचं, हे तेहतीस वर्षं मास्तरांना तोंडपाठ. नावं ते विसरत, स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस तर हमखास विसरत. पण डोकं? छे!

गाव मात्र थांबायला तयार नव्हतं. दोन्ही बाजूंची मोठी शहरं तासाभरावर, त्यामुळे जो उठतो तो इथे घर घेतो. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत आधी खड्डा दिसला, मग बघता बघता अकरा मजले उभे राहिले. मास्तरांना त्याचं कौतुकच होतं. तरी वर्षभर एक भीती त्यांच्या मनात घर करून होती. त्यांचे वडीलही याच खुर्चीमागे उभे राहायचे, आणि शेवटी शेवटी सख्ख्या भावालाच "आपण कोण?" विचारायचे. म्हणून मास्तरांनी बायकोला सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी एक डोकं विसरेन, त्या दिवशी दुकान बंद. मग शहरात मुलीकडे जाऊन राहू."

त्या रविवारी बाकावर चौघं होते. तिघं उरकले. चौथा उंच तरुण खुर्चीत बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नेहमीसारखं."

मास्तरांचा हात जागच्या जागी थांबला. टाळूवर चक्क दोन भोवरे! असलं डोकं झोपेतही ओळखायला हवं होतं. आठवेना. त्यांनी पाणी मारलं, भांग डावीकडे पाडला, मग उजवीकडे. आठवेना. मग आडून आडून चौकशी सुरू केली.

"घरचे बरे?"

"हो, बरे आहेत."

"वडील काय म्हणतात?"

"वडील?" तरुण जरा अडखळला. "मजेत."

"काम तेच ना?"

"तेच."

काही म्हणता काही हाती लागेना. तिसऱ्यांदा पाणी मारलं तेव्हा तरुणाची कॉलर भिजली. बायकोला कसं सांगायचं, याची वाक्यंही मास्तरांच्या मनात जुळायला लागली. शेवटी त्यांनी कात्री खाली ठेवली.

"साहेब, खोटं कशाला बोलू? तुमचं डोकं मला आठवत नाही."

तरुणानं एक डोळा उघडला. "कसं आठवेल काका? मी गुरुवारीच राहायला आलोय. हे काय, समोर, नवव्या मजल्यावर."

"मग नेहमीसारखं का म्हणालात?"

तो चांगलाच ओशाळला. "माझ्याआधीचे तिघंही तेच म्हणाले. मला वाटलं, तुमच्याकडच्या कटचं नाव आहे ते. आणि तुम्ही घरच्यांची चौकशी केलीत, म्हटलं इथली माणसं प्रेमळ दिसतात."

मास्तर मटकन बाकावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. तसाच फोन काढून त्यांनी बायकोला लावला.

"अगं, मी विसरलो नाही. तो नवाच निघाला!"

कोण, काय, हे तिनं विचारलंच नाही.

"वर्षभर माझ्याही जिवाला घोर होता हो," ती म्हणाली. "बोलले नाही एवढंच. मग मुलीला काय कळवू? ती खोली रिकामी करून बसलीय आपल्यासाठी."

मास्तरांनी भिजल्या कॉलरच्या तरुणाकडे पाहिलं, मग समोरच्या अकरा मजल्यांकडे.

"तिला म्हणावं, तूच ये इकडे राहायला," ते म्हणाले. "वरचे दोन मजले अजून विकायचेत."