साहेबांची कातडी

विश्वनाथ चिटणीस निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि चाकांची बॅग दिली. ज्याला आता कुठेच जायचं नाही त्याला बॅग कशाला देतात, हे त्यांच्या बायकोला, लताबाईंना, काही केल्या कळेना. पण दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात संसार केलेली बाई ती. सरकारला प्रश्न विचारायचे नसतात एवढं तिला ठाऊक होतं.

पुढल्या सोमवारी विश्वनाथराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर येऊन बसले. कोपऱ्यावरून कचेरीला नेणारी चार्टर्ड बस निघून गेली. साहेब बसलेच. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. चहा दिला की "हं", जेवायला हाक मारली की "हं", "जरा बाहेर चक्कर तरी मारून या" म्हटलं की "पाहू". संध्याकाळी बस परतायची वेळ झाली की उठायचे, शर्ट हँगरला लावायचे आणि म्हणायचे, "दमलो." आता बोला! दिवसभर सोफ्याला टेकलेला माणूस दमतो कसा?

लताबाईंना आधी हसू आलं, मग राग आला, आणि महिना सरला तशी भीती वाटायला लागली. हा माणूस अवर सचिव होता. ते काढून घेतल्यावर आत कुणी उरलंच नसेल तर?

साहेब आपणहून बोलायचे ते एकाच विषयावर, आपल्या कातडीवर. मुलगी रुचिता फरिदाबादच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. तिने रीतसर परवानगी काढून बाबांच्या दंडाची मुगाच्या डाळीएवढी कातडी नेली होती. त्याचं संमतीपत्रसुद्धा साहेबांनी दोनदा भाषा सुधारून परत पाठवलं होतं. त्या कातडीच्या पेशी बशीत वाढवून रुचिता त्यांच्या चेतापेशी करत होती, मेंदूत असतात तसल्या. शनिवारी ती घरी आली की साहेब विचारायचे, "काय म्हणतेय आमची कातडी?"

"पण कातडीचा मेंदू होतोच कसा गं?" एकदा जेवताना लताबाईंनी विचारलं.

"आई, प्रत्येक पेशीत सगळेच जीन्स असतात. स्किनच्या पेशीत मेंदूचेपण असतात, फक्त बंद. आणि काही प्रथिनं असतात, ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात त्यांना. ती डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतात आणि तिथला जीन चालू करवतात. चेतापेशीतली अशी तीन प्रथिनं आम्ही स्किनच्या पेशीला बनवायला लावली. मग हळूहळू मेंदूचे जीन्स उघडतात."

विश्वनाथरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे सगळ्या फायली सगळ्यांच्या कपाटात. कुठली उघडायची ते हा सांगतो."

"बिल्कुल, बाबा."

"स्वतः वाचत नाही?"

"नाही. वाचणारं यंत्र वेगळं असतं. हा त्याला तिथे बोलावून आणतो."

"अवर सचिव," विश्वनाथराव म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी पोळी मागून घेतली. थोड्या वेळाने विचारलं, "आणि वय? चेतापेशी झाली की वय कमी होतं?"

"नाही. अशी थेट बदललेली पेशी काम बदलते, वय नाही. ती साठीचीच राहते."

"अच्छा," असं म्हणून साहेब पुन्हा ताटाकडे वळले.

रुचिता मात्र बोलतच होती. ती तीन प्रथिनं एका औषधावर चालतात. औषध ठरावीक दिवस पेशींच्या खाण्यात घालायचं. तेवढ्या मुदतीत पेशीने स्वतःचे चेतापेशीचे जीन्स जागे केले, तर औषध थांबवलं तरी ती चेतापेशी म्हणून टिकते. नाही तर पुन्हा कातडी, आणि रुचिताचा प्रबंध पाण्यात.

लताबाईंनी यातलं एकच वाक्य उचललं: टिकेपर्यंत औषध द्यायचं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी साहेबांच्या हाताखाली काम केलेल्या धीरज रावतला फोन लावला. "धीरज भैया, साहब को घर पे थोड़ा काम भेज दीजिए ना." धीरज हादरला. खरी फाईल बाहेर नेली तर त्याचीच नोकरी जायची. पण माणूस प्रेमळ. नव्या भरतीच्या लोकांना शिकवायला वापरतात तसले सरावाचे मसुदे त्याच्या कपाटात पडले होते, कुठल्याशा खात्याला वॉटरकूलर हवा असल्याचे वगैरे. ते त्याने सरकारी कव्हरात घातले, वर टॅग बांधला आणि घरी येऊन म्हणाला, "सर, आपकी राय चाहिए थी."

काय सांगावं, साहेबांच्या अंगात जीव आला! ते सोफ्यावरून उठून टेबलाशी गेले, पेन काढलं, चष्मा पुसला. "या धीरजला अजून वाक्य संपवता येत नाही," असं मोठ्यांदा म्हणाले. लताबाईंनी स्वयंपाकघरात देवाला हात जोडले आणि साबुदाण्याचे वडे तळले. मग तसा प्रघातच पडला. धीरजचं कव्हर आलं की वडे. लताबाई गुणगुणायला लागल्या. महिला मंडळात सांगून आल्या की साहेबांचं मत अजून घेतात हो.

रुचिताने ते कव्हर एकदा उघडून पाहिलं आणि आईला बाल्कनीत नेलं. "आई, तू बाबांना डोस देतेयस."

"देतेय. मग?"

"थांबवणार कधी?"

"तू कधी थांबवणारेस तुझा?" लताबाई ताडकन म्हणाल्या. रुचिताचा चेहरा पडला. तिच्या सरांनी औषध बंद करायला सांगून बरेच दिवस झाले होते, आणि ती काही ना काही निमित्त काढून ते घालतच होती. पेशींना इतक्या सुंदर फांद्या फुटल्या होत्या! त्या आपल्या हाताने मोडायच्या?

मग ठरलं. येत्या सोमवारपासून दोघींनीही औषध बंद करायचं, आणि मध्येच कुणी कच खायची नाही.

सोमवारी धीरज आला नाही. साहेब शर्ट घालून सोफ्यावर बसले. लताबाई एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिल्या.

"धीरज नाही आला?"

"नाही."

"बरं."

मंगळवारी त्यांनी विचारलंही नाही. संध्याकाळी शर्ट हँगरला लावला आणि म्हणाले, "दमलो." लताबाईंना रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. गुरुवारी त्यांनी धीरजचा नंबर काढला. बोट ठेवणार, तेवढ्यात रुचिताचाच फोन वाजला.

"आई, बऱ्याचशा पेशी कातडीसारख्या चपट्या व्हायला लागल्यात. पुन्हा घालू का गं औषध?"

"खबरदार!" लताबाई म्हणाल्या. "ठरलंय ना आपलं?" मग त्यांनी फोन फ्रीजवर ठेवला, आपला हात पोचणार नाही इतका मागे.

शनिवारी सकाळी त्या उठल्या तर सोफा रिकामा. साहेब स्वयंपाकघरात होते, पायजम्यावर, बनियनमध्ये. पुढ्यात मोठं पातेलं होतं आणि पातेल्यात पांढरा लगदा.

"अहो, हे काय?"

"साबुदाणा. रात्री भिजवला."

"पाणी किती घातलंत?"

"बुडेल इतकं. मग झोपताना अजून थोडं." साहेबांनी लगद्यात बोट घालून पाहिलं. "तू वडे करायचे सोडलेस. आठवडाभर नुसतं एकच पातेलं घासतेयस. मला काळजी वाटायला लागली."

"मला काय धाड भरलीय! मी तुमच्यासाठी..." लताबाई थांबल्या. "धीरजचं येणं बंद झालं म्हणून तुम्हालाच..."

"लता, ज्या खात्याला तो वॉटरकूलर हवा होता, ते खातं भारत सरकारात नाही. तो शिकवणीचा मसुदा आहे. मीच लिहिला होता पूर्वी. चुकासुद्धा मीच घातल्यात."

लताबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि मग तपासत काय बसलात एवढे?"

"मी घरी बसल्यापासून तुझा चेहरा उतरला होता. तो धीरज येऊन गेला आणि तू गुणगुणायला लागलीस. म्हटलं, हिला मानवतंय. चालू ठेवू."

आता मात्र लताबाई रडल्या. पदराने नाक पुसून पुसून रडल्या, मध्येच हसल्या, धीरजला दोन शिव्या घातल्या. साहेब ओल्या बोटांनी उभे राहिले, कारण नॅपकिन कुठे असतो ते त्यांना माहीत नव्हतं.

मग लताबाईंनी डोळे पुसले आणि त्या पातेल्यात डोकावल्या. वडे होण्यातलं ते नव्हतंच. त्यांनी शिंगाड्याचं पीठ काढलं, मिरची चिरली आणि साहेबांपुढे दाण्यांचा डबा आणि खलबत्ता ठेवला. साहेबांनी दाणे कुटले. निम्मे ओट्यावर उडाले.

रुचिता आली तेव्हा थालीपिठं तव्यावर होती. बाबांच्या हातात बत्ता बघून ती दारातच थबकली. मग तिने फोनवरचा फोटो पुढे धरला. "बहुतेक परत स्किन झाल्या, बाबा. पण हा कोपरा बघा. औषध नाही तरी आहेत. फांद्यांसकट."

विश्वनाथरावांनी चष्मा लावला. काळ्या पार्श्वभूमीवर मूठभर पेशी एकमेकींना बारीक धागे लावून पसरल्या होत्या. "ह्याच का टिकल्या?"

"माहीत नाही यार, बाबा. खरंच माहीत नाही."

"असं लिहू नकोस. 'कारण तपासाधीन' असं लिही." त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "आणि वय?"

"साठ."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. त्यांनी फोन परत दिला, जळकं थालीपीठ स्वतःच्या ताटात घेतलं आणि लताबाईंकडे वळून विचारलं, "मग उद्या पाणी किती घालू?"